मी एकोणीस वर्षं मासा होते

आमच्या कारखान्यात एक पद्धत आहे. बोटीचा साचा करण्याआधी तिचा मागचा डेक आम्ही प्लायवुडचा करून बघतो, अगदी खऱ्या मापाचा, सरळ जमिनीवर. मोठा मासा पकडायच्या बोटीत सगळी झटापट त्या मागच्या डेकवर होते. मधोमध पक्की बसवलेली फिरती खुर्ची, पायाला टेकू, आणि भोवती मांडीएवढा कठडा. बोट घेणारा माणूस त्या खुर्चीत मागे तोंड करून बसतो, गळाची काठी हातात धरतो, आणि दोरीचं दुसरं टोक माझ्या कमरेच्या पट्ट्याला अडकवतात. मग मी आवारात पळते. हिसके देते, मध्येच थांबते, परत पळते. खुर्चीतल्याचं कोपर कुठे आपटतं, पाय कुठे अडतो, दोरी कुठे घासते, ते तेव्हाच कळतं.

थोडक्यात, मी मासा. एकोणीस वर्षं झाली.

माझं खरं काम सुतारकाम. बोटीच्या आतली कपाटं, दारं, टेबलं माझ्या हातची. पण माशाला वजन लागतं आणि हट्टीपणा लागतो, आणि दोन्ही माझ्याकडे उदंड आहेत असं आमच्या ताईंचं म्हणणं. ताई म्हणजे माझी नणंद, यांची थोरली बहीण. त्याच कारखान्यात वरच्या खोलीत बसून बोटींचे आराखडे काढतात. मला इथे त्यांनीच चिकटवलं. एरवी मी त्यांना ताई म्हणते. राग आला की वन्सं म्हणते, आणि वन्सं म्हटलं की त्या पेन्सिल खाली ठेवून माझ्याकडे बघतात, कारण आता आपली खैर नाही हे त्यांना कळतं.

चाचणीच्या वेळी ताई बाजूला वही घेऊन उभ्या राहतात. दोन मिनिटं बघतात, काहीतरी लिहितात आणि म्हणतात, "बस." की मी थांबायचं. खुर्चीत त्या स्वतः कधी बसल्या नाहीत. मी एकदा म्हटलं होतं, बसून तरी बघा. तर म्हणाल्या, "खुर्ची गिऱ्हाईकाची. आपण रेषा काढायच्या."

आणि रेषा तरी कुणाच्या? सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या. मालक बाहेरून आराखडे विकत आणायचे, ताईंनी त्यातल्या चुका काढायच्या, मापं जुळवायची, आणि बोटीच्या पाटीवर नाव लागायचं तिसऱ्याच कुणाचं. मला याचा इतका संताप यायचा की रंधा मारताना मी नको तेवढं लाकूड काढायचे. ताई मात्र शांत. शांत म्हणजे काय, संध्याकाळी घरी आल्या की स्वयंपाकघराच्या टेबलावर कागद पसरायच्या, आणि आम्ही ताटं मांडीवर घेऊन जेवायचो.

गेल्या वर्षी कारखान्यात एक डॉक्टरीणबाई आल्या. दातांच्या डॉक्टर, नुकत्याच निवृत्त झालेल्या. उंचीने माझ्या खांद्याला लागतील न लागतील. मालकांनी तीन आराखडे पुढे टाकले, बाईंनी तिन्ही बाजूला सारले. म्हणाल्या, "या सगळ्या खुर्च्या सहा फुटी माणसाच्या आहेत. माझे पाय टेकणार कुठे?" मालक परत तेच तीन आराखडे चाळायला लागले. तेव्हा ताई उठल्या, आपल्या खणातून एक गुंडाळी काढली आणि बाईंसमोर उलगडली. मी दारात उभी होते. 

बाई अर्धा तास कागदावरून बोट फिरवत होत्या. शेवटी म्हणाल्या, "हीच."

मालक तसे वाईट नाहीत, पण भित्रे. त्यांनी ताईंना केबिनमध्ये बोलावून स्पष्ट सांगितलं. समुद्रातल्या चाचणीच्या दिवशी बाईंनी पसंतीच्या कागदावर सही केली, तर पाटीवर नाव ताईंचं, आणि इथून पुढच्या बोटीही त्यांच्याच. सही नाही झाली तर परत विकतचे आराखडे, आणि ताईंनी दुसऱ्यांच्या रेषा पुसत बसायचं. ताईंच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. एका बोटीला वर्ष लागतं, आणि एकदा फसल्यावर मालक दुसरी संधी देणारे नव्हते. म्हणजे हा एकच डाव होता, हे सांगायला कुणा ज्योतिषाची गरज नव्हती.

मग ती बोट उभी राहिली, आणि काय उभी राहिली. पुढचं टोक असं बाहेर फाकलेलं की लाट आली की पाणी दोन्हीकडे फेकलं जावं, वर बसलेल्यांच्या चष्म्यावर थेंब नको. वर कप्तानाची जागा, आणि तिथला मागचा कठडा ताईंनी चार बोटं खाली घेतला, का तर कप्तानाला चाक न सोडता नुसती मान वळवून खुर्ची दिसली पाहिजे. दोन्ही बाजूंना उघडणाऱ्या लांब काठ्या, गळाच्या दोऱ्या एकमेकींत गुंतू नयेत म्हणून. मागच्या भिंतीत आमिषाच्या जिवंत माशांची टाकी, तिला एकही कोपरा नाही, कारण कोपऱ्यात मासे गर्दी करून मरतात. टाकीच्या आत फिकट निळा रंग, कारण त्या रंगात ते बिचकत नाहीत. हे ताईंनी आमच्या बादलीत मासे ठेवून ठरवलं होतं. आमची बादली, बरं का. आठ दिवस मी कपडे घमेल्यात भिजवले.

इंजिनाची खोली सगळी पांढरी, तेलाचा एक थेंब सांडला तरी दिसावा म्हणून. बोटीच्या पोटात एक जड भोवरा गरगरत असतो, त्याने ती डुलत नाही. आणि बसायची खोली माझी. ताईंचा हट्ट की सगळ्या कपाटांच्या दारांना एकाच झाडाचं लाकूड हवं, आणि त्याच्या रेघा एका दारातून दुसऱ्या दारात तुटता कामा नयेत. मी म्हटलं, वन्सं, हे दिवाणखान्याचं कपाट आहे की माझा छळ? तीन महिने मी त्या रेघा जुळवत होते. छतात झाकण उघडलं की गळाच्या काठ्या ओळीने झोपलेल्या, सोफ्याखाली बर्फाचा खण, आणि सगळ्या खोलीत एकही खिळा दिसत नाही. रागारागात केलं, पण झाल्यावर मी एकटी आत बसून घेतलं दहा मिनिटं.

राहता राहिली शिंगं. शिंग म्हणजे धक्क्याला बोट बांधायची दोन टोकांची पोलादी खुंटी. मागच्या दोन्ही कोपऱ्यांवर कठड्यात एकेक असतं. फार वर्षांपूर्वी एका चाचणीत माझी दोरी उजव्या शिंगात अडकली आणि खुर्चीतले गृहस्थ तोंडावर पडता पडता वाचले. (उजवं-डावं आम्ही खुर्चीत बसलेल्याच्या हिशेबाने धरतो.) तेव्हापासून आमच्या प्रत्येक बोटीचं उजवं शिंग दाबलं की आत जाऊन सपाट बसतं. डावं मात्र जुन्या पद्धतीचं, उभं, चकचकीत. त्याने कधी त्रास दिला नव्हता, आणि मालकांना ते फोटोत आवडायचं. ताईंनी सगळी बोट नव्याने विचार करून काढली, पण शिंगांना हात लावला नाही. इतक्या वर्षांच्या चाचण्यांत जे ठरलं ते बरोबरच असणार, असं त्या धरून चालल्या.

प्लायवुडच्या चाचणीला बाई खुर्चीत बसल्या तेव्हा त्यांचे पाय टेकूवर अगदी नेमके बसले. मी नेहमीसारखी पळाले. पाच पावलांत बाईंनी मला मागे खेचून मातीत बसवलं. चाळीस वर्षं दाढा उपटलेले हात ते. मी कपडे झटकत म्हटलं, "डॉक्टर, मी अजून जिवंत आहे." बाई हसून हसून वाकल्या. ताईंनी वहीत लिहिलं आणि म्हणाल्या, "बस."

अखेर समुद्रातल्या चाचणीचा दिवस उजाडला. सकाळी आठला आम्ही धक्का सोडला. वर कप्तान. खाली डॉक्टरीणबाई, टोपी आणि हातमोजे घालून, लहान मुलीसारख्या एका जागी ठरेनात. नवे पांढरे बूट घातलेले मालक, खिशात सहीचा कागद. खुर्ची फिरवायला इंजिनवाला. ताई वही घेऊन. आणि मी, कामाचा जाड कॅनव्हासचा एप्रन बांधून, कुठे काही करकरलं तर बघायला.

कप्तानाने वेग वाढवला आणि बोट अशी निघाली की मालकांची टोपी गेली. पाणी दोन्ही बाजूंना फाकत होतं, डेक कोरडा ठाक. मी आत जाऊन प्रत्येक दाराला कान लावला. एकही दार वाजत नव्हतं. बाहेर येऊन ताईंना सांगितलं तर त्या नुसत्या "हं" म्हणाल्या, पण वहीचं पान उलटं धरलं होतं.

दहाच्या सुमारास बाजूच्या लांब काठीवरची दोरी ताडकन सुटली. रीळ किंचाळायला लागलं. कप्तान वरून ओरडला, "लागला, मोठा आहे." बाई खुर्चीत जाऊन बसल्या कधी आणि इंजिनवाल्याने त्यांचा पट्टा आवळला कधी, मला कळलंही नाही. आणि मग मागे, दीडशे हात लांब, पाणी फुटलं आणि तो वर आला. चोचवाला. लांब तलवारीसारखी चोच, पाठ निळी, आणि लांबी आमच्या स्वयंपाकघराएवढी. हवेत मान झटकून तो आडवा पडला. मी इतकी वर्षं मासा झाले, पण खरा मासा मी पहिल्यांदाच बघत होते. मला एकदम माझीच लाज वाटली.

अर्धा तास तो चालला. उजवीकडे पळाला की खुर्ची उजवीकडे, सरळ मागे गेला की कप्तान बोट उलटी त्याच्यामागे. बाईंचे पाय टेकूवर रोवलेले, काठी वाकलेली, चेहरा लाल. त्या प्रत्येक हिसक्याला "ये, ये" म्हणत होत्या. सगळं जिथल्या तिथे होतं. दोरी कुठे घासत नव्हती, कोपर कुठे लागत नव्हतं. मालक मला म्हणाले, "जमलं हो." 

मग मासा खोल गेला आणि वळला. डावीकडे.

आणि मला लख्ख दिसलं. आमचं आवार. खुर्चीच्या उजव्या अंगाला मोकळी जागा, डाव्या अंगाला भिंतीपर्यंत लाकडाचा ढीग. एकोणीस वर्षं मी मासा होते आणि एकदाही डावीकडे पळाले नव्हते. कशी पळणार, ढिगावर आपटले असते. डावा कोपरा आम्ही कधी तपासलाच नव्हता. दोरी कठड्यावरून सरकत सरकत त्या चकचकीत उभ्या शिंगाकडे निघाली होती, आणि दोन हातांवर येऊन ठेपली होती.

विचार करायला वेळ कुठला. मी एप्रन ओरबाडून काढला, शिंगावर दुहेरी दाबला आणि वर दोन्ही कोपरांनी आडवी झाले. दोरी एप्रनवरून करकरत गेली. कॅनव्हास जळल्याचा वास आला. मी डोळे मिटून घेतले होते. उघडले तेव्हा दोरी शिंग ओलांडून पलीकडे मोकळी झाली होती आणि बाई अजून "ये, ये" म्हणत होत्या.

आणखी वीस मिनिटांनी मासा बोटीला लागला. दमवायचा आणि सोडून द्यायचा, हाच या खेळाचा नियम, म्हणून कप्तानाने खाली येऊन वाकून गळ काढला. क्षणभर तो तसाच पाण्यात पडून राहिला, एवढा मोठा डोळा आमच्याकडे लावून, आणि शेपटीच्या एका फटक्यात दिसेनासा झाला. बाई खुर्चीत बसून हसत होत्या आणि डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मालकांनी लगेच कागद काढला.

बाईंनी पेन हातात घेतलं आणि माझ्याकडे बघितलं. "तुम्ही तिथे आडव्या का झालात?"

"पाय घसरला असेल," मालक म्हणाले.

"हो, घसरला," मी म्हटलं.

ताईंनी माझा जळका एप्रन उचलला. त्यावर बोटभर रुंद काळा पट्टा होता. त्यांनी शिंगाकडे बघितलं, माझ्या हाताला धरलं आणि मला आतल्या खोलीत नेलं. दार लावलं. माझ्याच हातचं दार, जरासुद्धा वाजलं नाही.

"काय झालं ते सांग."

मी सांगितलं. ढीग, भिंत, उजवीकडे पळणं, सगळं. ताई सोफ्यावर बसल्या. मी म्हटलं, "वन्सं, आता गप्प राहा. सही होऊ दे. उद्या सकाळी मी दुसरं शिंग बसवते, कुणाला पत्ता लागणार नाही."

"आणि आधीच्या बोटी?"

"त्यांचं काय?"

"एकोणीस वर्षांच्या बोटी, गं. किती जणांच्या दोऱ्या त्या कोपऱ्यात तुटून मासे गेले असतील. कुणाच्या हाताला लागलंही असेल. त्यांनी आपल्या नशिबाला बोल लावला असेल, आणि मी वहीत लिहीत होते, सगळं ठीक."

"पळत मी होते. चूक माझी."

"ढीग मला रोज खिडकीतून दिसतो," ताई म्हणाल्या.

मला रडू यायला लागलं. दुःखाचं नाही, रागाचं. सव्वीस वर्षं वाट बघितली आणि आता सही दोन पावलांवर असताना ही बाई खरं बोलायला निघाली. मी दारापुढे उभी राहिले. ताईंनी मला नुसतं बाजूला सारलं. माशाला हलवता येतं, हे त्यांना चांगलं माहीत होतं.

बाहेर जाऊन त्यांनी बाईंना सगळं सांगितलं. शेवटी म्हणाल्या, "तुमचा मासा हिच्या एप्रनमुळे राहिला. माझ्या आराखड्यामुळे तो गेला असता. आज सही करू नका." मालकांच्या तोंडचं पाणी पळालं. बाईंनी पेनाला टोपण लावलं, कागदाची घडी केली आणि आपल्या पिशवीत टाकली.  परतीच्या वाटेवर बोट झकास पळत होती, त्यामुळे जास्तच जिवाला लागलं.

दुसऱ्या दिवशी मी उजाडताच कारखान्यात गेले आणि लाकडाचा ढीग उपसायला घेतला. एकेक फळी मागच्या शेडमध्ये. तासाभरात इंजिनवाला आला, मग रंगकाम करणारे, मग ताई. सगळे फळ्या उचलायला लागले. साडेनऊला मालक आले, पाच मिनिटं कमरेवर हात ठेवून बघत राहिले आणि मग त्यांनीही फळीचं एक टोक धरलं. प्लायवुडचा डेक ताईंनी मोडू दिला नव्हता. त्याच्या डाव्या कोपऱ्यावर मी आत बसणारं शिंग लावलं. दहाला भिंत दिसली. किती वर्षांनी दिसली कुणास ठाऊक, हिरव्या रंगाची होती.

तेवढ्यात फाटकातून डॉक्टरीणबाई आल्या, पायात पळायचे बूट घालून.

"तो पट्टा आणा," त्या मला म्हणाल्या.

"मी बांधतेच आहे, डॉक्टर."

"तुम्ही नाही. तुम्हाला उजवीकडची सवय झालीय. आज मासा मी."

"मग खुर्चीत कोण?"

बाईंनी ताईंकडे बोट दाखवलं. ताई मागे सरकल्या. "खुर्ची गिऱ्हाईकाची असते," त्या म्हणाल्या.

"तुम्ही बसलात तर सही करते. आणि मालक, आधीच्या सगळ्या बोटींची शिंगं तुम्ही बदलून द्यायची. तेही मी कागदावर लिहिणार आहे."

मालकांनी एकदा ताईंकडे, एकदा माझ्याकडे आणि एकदा हिरव्या भिंतीकडे बघितलं. "द्या बदलून," ते म्हणाले, जणू पैसे दुसऱ्याच कुणाचे जाणार होते.

मी ताईंची वही काढून घेतली, त्यांना खुर्चीत बसवलं, पट्टा आवळला. त्यांचे पायही टेकूवर नेमके बसले. उंचीने त्या बाईंएवढ्याच आहेत, आणि हे इतके दिवस माझ्या लक्षातच आलं नव्हतं. स्वतःच्या मापाची बोट काढली होती त्यांनी. त्यांना तरी ठाऊक होतं की नाही, मी विचारलं नाही.

बाई पळाल्या. थेट डावीकडे, जिथे काल ढीग होता. काठी वाकली, ताईंचा चष्मा नाकावर घसरला, मी खुर्ची फिरवली. दोरी डाव्या कोपऱ्यावरून सरकली आणि कुठेही न अडता पलीकडे गेली. बाईंनी हिसका दिला, ताईंनी ओढून धरलं. बाई भिंतीपर्यंत गेल्या, वळल्या, परत पळाल्या. दोन मिनिटं झाली, चार झाली. वही माझ्या हातात होती, पण मी काही लिहिलं नाही. मी ताईंच्या तोंडाकडे बघत होते. घरात इतकी वर्षं एकत्र राहून मी त्यांना असं कधी बघितलं नव्हतं.

बाई धापा टाकत थांबल्या. गुडघ्यांवर हात टेकून त्यांनी विचारलं, "बस?"

ताईंनी एका हाताने चष्मा वर सारला आणि काठी पुन्हा दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"अजून एकदा," त्या म्हणाल्या. "डावीकडूनच."